कच्चं मडकं कोणाला म्हणायचं?

आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १३, श्लोक ७ आणि त्यावरचं ज्ञानेश्वरीतलं निरूपण.

या ठिकाणी भगवंत ज्ञान म्हणजे काय ते सांगायला लागतात. आपल्याला वाटतं, आता आत्मा, ब्रह्म, सृष्टी असं काहीतरी मोठं येणार. आणि पहिलाच शब्द येतो 'अमानित्व'. म्हणजे लोकांनी मान द्यावा अशी ओढ नसणं. या एका श्लोकात नऊ लक्षणं आहेत. त्यात पुढे 'आचार्योपासना' येते, म्हणजे शिकवणाऱ्याची मनापासून सेवा. त्याच्यानंतर 'शौच' आणि मग 'स्थैर्य' येतं. आमच्या इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर ही ज्ञानाच्या आधीची तयारी नाही, हाच सिलॅबस आहे. माउलींनाही ही यादी फार महत्त्वाची वाटली असणार. ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय हजाराहून जास्त ओव्यांचा आहे आणि त्यातला मोठा भाग या लक्षणांनीच भरलेला आहे.

आता अडचण अशी की अमानित्व ठरवून आणता येत नाही. 'मला मान नको' असं ठरवलं की थोड्या वेळाने वाटतं, बघा, मला मान नकोय हे कोणाच्या लक्षात तरी येतंय का! तेव्हा ते आणायचं कसं? मला सुचलेला एक सोपा मार्ग म्हणजे जिथं आपल्याला काहीच येत नाही अशा जागी जाऊन बसायचं, आणि ज्याला येतं त्याचं ऐकायचं. मागच्या आठवड्यातल्या प्रवासात अशी जागा मिळाली, आणि तिथं या श्लोकाचा एक वेगळाच प्रश्न समोर आला. आजचं चिंतन त्या प्रश्नावर आहे.

आम्ही दोघं नेवाशाला गेलो होतो. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, ज्ञानेश्वरी इथंच सांगितली गेली. ज्या खांबाला टेकून माउलींनी ती सांगितली असं मानतात, त्या पैस खांबाचं दर्शन घेतलं आणि तिथून संगमनेरच्या बाजूला निघालो. वाटेत एका गावात एक कुंभार कुटुंब सुट्टीच्या दिवशी येणाऱ्याजाणाऱ्यांना दोन तास चाकावर बसवतं असं कळलं होतं. त्यांनी नाव नको म्हटलं म्हणून देत नाही. शिकवणारे गृहस्थ साठीचे, सगळे त्यांना मामा म्हणत होते. आम्ही सहाजण शिकाऊ. त्यात एक बँकेतले साहेब, दोन कॉलेजच्या मुली, एक शिक्षक आणि आम्ही दोघं. मातीला कोणाचंच डेझिग्नेशन माहीत नव्हतं.

हा भाग मातीच्या भांड्यांसाठी जगाच्या नकाशावर आहे, हे नगर जिल्ह्यातल्या (आताच्या अहिल्यानगरच्या) पुष्कळ लोकांनाही ठाऊक नसतं. संगमनेर तालुक्यातल्या प्रवरेकाठच्या जोर्वे गावी १९५०-५१ साली उत्खनन झालं. तिथं जी भांडी सापडली त्यांवरून महाराष्ट्रातल्या त्या काळच्या शेतकरी वस्त्यांच्या संस्कृतीला 'जोर्वे संस्कृती' हेच नाव पडलं. तीन हजार वर्षांहून जुनी भांडी ती. चाकावर घडवलेली, तांबड्या अंगावर काळी नक्षी काढलेली, आणि इतकी नीट भाजलेली की वाजवली तर धातूसारखी खणखणतात. हा खणखणाट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिला धडा म्हणजे मातीचा गोळा चाकाच्या बरोब्बर मधोमध बसवणं. गोळा जरा जरी बाजूला असेल तरी चाक फिरलं की तो हाताला धक्के देतो. नवशिक्याला वाटतं, आपणही त्याला उलटा धक्का द्यावा. मामा प्रत्येकाला तेच सांगत होते, "जोर नका लावू दादा. कोपर मांडीला टेकवा आणि हात एका जागी धरा. फिरायचं काम मातीचं हाये, तुम्ही कशाला फिरताय?" हात खरोखर स्थिर राहिला की एका क्षणी धक्के थांबतात. चाक तेवढंच जोरात फिरत असतं, पण हाताला माती जणू थांबल्यासारखी लागते. श्लोकातलं स्थैर्य मला असं तळहाताला लागलं. स्थैर्य म्हणजे फिरणं थांबवणं नव्हे. फिरणाऱ्या गोष्टीजवळ न हलता बसणं. पण आजचा प्रश्न हा नाही.

प्रश्न सुरू झाला तो मामांनी आम्हाला भाजलेलं आणि न भाजलेलं मडकं वाजवून दाखवलं तेव्हा. दिसायला दोन्ही सारखीच, कोरडी, टणक. भाजलेलं टिचकी मारली की खणकन वाजलं. कच्चं नुसतं बद्द वाजलं. बँकेतले साहेब लगेच म्हणाले, "म्हणजे गोरोबाकाकांसारखंच की!" सगळे हसले. मामा मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "कच्चं म्हंजे वाईट नव्हं."

ही गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे, तरी थोडक्यात सांगतो. गोरोबाकाका म्हणजे धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचे संत गोरा कुंभार. संतमंडळींत वयाने मोठे, म्हणून सगळ्यांचे काका. तीर्थयात्रेच्या निमित्ताने सगळे संत जमले होते. मुक्ताईने थापटण्याकडे बोट दाखवून विचारलं, काका, हे कशासाठी? काका म्हणाले, याने मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मग आमच्यातलं कोण कच्चं ते सांगा, असं मुक्ताई म्हणाली आणि काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारायला सुरुवात केली. सगळे शांत बसले. नामदेव मात्र रागावले, आणि काकांनी निकाल दिला: हे मडकं कच्चं आहे.

कीर्तनात याचं तात्पर्य बहुतेक वेळा एकच निघतं. नामदेवांना देवाच्या जवळिकीचा अभिमान होता, तो उतरवला गेला. तात्पर्य बरोबर आहे. पण मला दोन गोष्टी टोचतात. एक, चारचौघांत एखाद्याच्या डोक्यात थापटणं हाणून 'तू कच्चा' म्हणणं हे चांगलं वागणं झालं का? ज्या श्लोकात अमानित्व आहे त्याच श्लोकात अहिंसाही आहे, तिसऱ्या क्रमांकावर. आणि दोन, कच्चं असण्यात एवढं लाजायचं काय आहे?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी पाहू, कारण ते मातीनेच दिलं. मामांनी पाण्याच्या बादलीत एक कच्ची, पूर्ण वाळलेली पणती सोडली. बुडबुडे आले आणि बघता बघता तिच्या कडा सुटल्या, थोड्या वेळात तळाशी नुसता चिखल. त्या चिखलाची परत पणती करता येते. भाजलेल्या पणतीचं असं होत नाही. भट्टीत, म्हणजे त्यांच्या भाषेत आव्यात, साधारण ५०० ते ६०० अंशांच्या पुढे मातीच्या कणांत बांधलेलं पाणीच निघून जातं आणि माती कायमची बदलते. मग ती पाण्यात विरघळत नाही, फुटली तर खापर होते, पण पुन्हा माती होत नाही. म्हणूनच तर जोर्वेची खापरं तीन हजार वर्षांनी हाती लागली.

म्हणजे कच्चं मडकं पाणी धरू शकत नाही हे खरं, पण सुधारता येतं ते फक्त कच्चंच. पक्क्याची चूकसुद्धा पक्की असते. वाकड्या तोंडाचं मडकं आव्यातून काढलं की ते वाकड्या तोंडाचंच राहणार. आमच्या धंद्यात रिलीज झालेल्या सॉफ्टवेअरला रात्री दोन वाजता पॅच मारता येतो, भाजलेल्या मडक्याला नाही. तेव्हा 'तू कच्चा आहेस' या वाक्यात एक चांगली बातमी दडलेली असते. वेळ अजून गेलेली नाही.

मग सगळ्यांनी कच्चंच राहावं का? तेही नाही. पक्कं कशासाठी व्हायचं, हे नेवाशानेच शिकवलं. तिथल्या उत्खननात जोर्वे काळातली लहान मुलांची दफनं सापडली आहेत. दोन रांजणांची तोंडं एकमेकांना लावायची, आत लेकरू ठेवायचं आणि ते घराच्या जमिनीखालीच पुरायचं, अशी त्या लोकांची रीत होती. विचार करा, गेलेलं मूल कशाच्या हवाली केलं त्या आईबापांनी? भाजलेल्या मडक्याच्या. मला वाटतं, पक्कं होण्याचा अर्थ हाच. आता मला काही शिकायचं उरलं नाही, असा तो नव्हे. दुसऱ्याला आपल्या हाती काहीतरी निर्धास्त सोपवता यावं, असा आहे.

आता पहिला प्रश्न. कच्चं म्हणायचा अधिकार कोणाला?

थापटणं हे परीक्षेचं अवजार आहे असं गोष्ट ऐकून वाटतं. चाकाजवळ बसलं की कळतं, ते आधी घडवायचं अवजार आहे. चाकावरून उतरलेलं मडकं जाड असतं, आणि बूड अजून व्हायचं असतं. ते थोडं सुकल्यावर मामा मांडीवर घेतात. एका हाताने आतून गुळगुळीत गोटा धरतात आणि दुसऱ्या हाताने बाहेरून थापटण्याने थोपटत जातात. असं शेकडो वेळा. त्याने भिंत पातळ होते आणि बूड गोल येतं. बाहेरचा फटका जिथं पडतो, तिथं आतला हात आधीच पोचलेला असतो. शिक्षकांनी विचारलं, "आत हात नाही ठेवला तर?" मामा म्हणाले, "मग त्याला घडवणं न्हाई म्हणत. फोडणं म्हणतात."

मला काकांच्या गोष्टीतलं कोडं इथं सुटल्यासारखं वाटलं. अधिकार वयाने येत नाही, पदाने तर नाहीच. ज्याचा दुसरा हात आत आहे त्याला बाहेरून थापटायचा अधिकार आहे. काकांचं नामदेवांवर प्रेम होतं, ती सगळी मंडळी एकमेकांची होती. आणि परंपरेने परीक्षक कोणाला केलं तेही पाहा. भजनात गुंग होऊन माती तुडवताना ज्यांच्या पायाखाली स्वतःचं लेकरू आलं, अशी कथा ज्यांच्याविषयी सांगतात, तेच हे गोरोबाकाका. बिनचूक माणूस निवडला नाही. आगीतून गेलेला माणूस निवडला.

हे सगळं मला या आठवड्यात फार लागू आहे. आमच्या कंपनीत अप्रेझल सुरू आहे. माझ्या टीममधला एक मुलगा, नाव सांगत नाही, प्रमोशनची वाट बघतोय. हुशार आहे, रात्रंदिवस राबतो. पण स्वतःच्या बळावर मोठं मॉड्युल सांभाळण्याएवढा तो अजून तयार नाही असं माझं प्रामाणिक मत आहे. घरी आईचं आजारपण, डोक्यावर कर्ज. एका शब्दाने त्याच्या वर्षाचं गणित बदलणार आहे, आणि तो शब्द मला लिहायचा आहे. गोड बोलून 'तयार आहे' लिहिलं, तर सहा महिन्यांत ते मॉड्युल त्याच्या डोक्यावर कोसळेल आणि बोलणी तोच खाईल. कच्च्या मडक्यात पाणी भरल्यासारखं होईल ते. खरं लिहिलं, तर तो खचेल.

खरं लिहायचं हे नक्की आहे. पण त्या वर्गानंतर मी स्वतःला वेगळा प्रश्न विचारतोय: माझा दुसरा हात कुठे आहे? फॉर्मवर 'अजून तयार नाही' एवढंच लिहून लॅपटॉप बंद केला, तर ते बाहेरून मारलेलं थापटणं झालं. कशात कच्चा, ते नेमकं सांगायला हवं. त्याचं काम दर आठवड्याला त्याच्याशेजारी बसून बघायला हवं. पुढच्या वेळी कधी विचार होणार, ती तारीख वरिष्ठांकडून लिहून घ्यायला हवी. एवढं करायची माझी तयारी असेल तरच मला तो शब्द लिहायचा हक्क आहे. मी लिहिणार आहे, आणि शनिवारची सकाळ त्याच्यासाठी राखून ठेवली आहे.

इथं कोणी म्हणेल, हे फार सोयीचं झालं. 'तू अजून कच्चा आहेस' हेच सांगून माणसांना वर्षानुवर्षं दाराबाहेर ठेवलं गेलंय, त्याचं काय? आक्षेप खरा आहे आणि वारकऱ्यांनी तर तो मनावर घ्यायलाच हवा. चोखोबांना मंदिराच्या आत जाऊ दिलं गेलं नाही. आज पंढरपुरात त्यांची समाधी महाद्वारासमोर, पायरीपाशी आहे. पण नीट पाहिलं तर चोखोबांना कोणी 'कच्चं मडकं' म्हणालं नव्हतं. 'ही मातीच चालणार नाही' असं म्हटलं होतं. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. कच्चं म्हणणारा हे मान्य करतो की यातून मडकं होणार आहे. मातीच नाकारणारा तर मडक्याची शक्यताच नाकारतो, आणि ते पाप आहे.

या दोन्हींच्या मध्ये एक तिसरी, फसवी गोष्ट असते. तोंडाने कच्चं म्हणायचं आणि मनात नाकारायचं. ओळखायची कशी? कच्चं म्हणणारा पुढचा पत्ता देतो का, ते बघायचं. नामदेव रागाने पंढरीला गेले तेव्हा खुद्द विठ्ठलाने त्यांची समजूत घालून त्यांना विसोबा खेचरांकडे पाठवलं, असं परंपरा सांगते. म्हणजे निकालाच्या पाठोपाठ पत्ता आला. ज्या 'अजून नाही'ला पत्ता नाही आणि तारीख नाही, ते कच्चं म्हणणं नव्हे. तो नकारच आहे, नम्र कपडे घातलेला. असं कोणी तुम्हाला सांगत असेल तर गप्प बसून सोसणं म्हणजे अमानित्व नव्हे. पत्ता मागा, तारीख मागा.

आणि नामदेवांकडे शेवटी एकदा पाहू या. त्या मंडळीत कच्चे ठरलेले ते एकटेच. ते रागावले हेही परंपरेने लपवलं नाही. पण ते गेले. मोठं नाव झालेलं असताना पुन्हा शिष्य होऊन एका म्हाताऱ्या माणसापाशी बसले. श्लोकातलं अमानित्व आणि आचार्योपासना यांच्यामध्ये जो रस्ता आहे, तो नामदेव चालून गेले. पुढे माउलींच्या यात्रेची आणि समाधीची हकिगत अभंगांतून आपल्यापर्यंत पोचवली ती त्यांनीच. पंजाबात घुमानला आजही त्यांचं स्थान आहे आणि गुरु ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत. कच्चं म्हटलेलं मडकं एवढ्या लांब गेलं आणि एवढ्या लोकांना त्यातून पाणी मिळालं. 'कच्चं' हा शब्द त्यांनी शिक्का म्हणून घेतला असता तर हे झालं नसतं. त्यांनी तो निरोप म्हणून घेतला.

आजच्या साधनेसाठी दोन लहान गोष्टी.

पहिली: आज कोणी तुमच्या कामात उणं काढलं, तर उत्तर देण्याआधी एक श्वास थांबा आणि बघा, या माणसाचा दुसरा हात आत आहे का? असेल तर राग गिळून ऐका, तो तुम्हाला घडवतोय.

दुसरी जास्त अवघड आहे. आज तुम्हाला कोणाला तरी कच्चं म्हणायचं असेल, मुलाला, सुनेला, हाताखालच्या माणसाला, तर बोलण्याआधी स्वतःचा दुसरा हात शोधा. तो सापडेपर्यंत थापटणं खाली ठेवा.

उद्याचं वाचन: याच अध्यायातला श्लोक ८.

राम कृष्ण हरी.